एस१ गेलं कुठे? उष्णताप्रेमी जीवाणूंच्या रायबोसोमविषयी प्रश्नोत्तरे

सबमिशनचे दिवस आले की ‘थर्मस थर्मोफिलस’ या उष्णताप्रेमी जीवाणूवर आणि त्याच्या रायबोसोमवर (पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र) तेच ते प्रश्न येऊ लागतात. या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्र. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत) वापरतात तोच का हा जीवाणू?

नाही. टॅक एन्झाइम ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’चं, तो यलोस्टोनचा. हा त्याचा भाऊबंद, जपानच्या इझू भागातल्या गरम झऱ्यातला.

प्र. ७० अंशांना टिकायचं तर रायबोसोममध्ये प्रथिनं जास्त लागणार ना? क्लासच्या नोट्समध्ये तसंच आहे.

कुठे मोजली, हे नोट्स काढणाऱ्यालाच विचारा. रायबोसोम ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूसारखाच ७०एस, म्हणजे ३०एस हा लहान आणि ५०एस हा मोठा भाग मिळून झालेला; त्यात सुमारे दोन तृतीयांश आरएनए. फरक बारीकसारीक आहेत: रायबोसोमल आरएनएत जी-सी या घट्ट जोड्या जास्त आणि पेशीत लांब, फांद्या फुटलेली पॉलिअमाइन्स (धनभारित लहान रेणू). अख्ख्या जीनोममधलं जी-सी बघून जीवाणू उष्णताप्रेमी ठरवू नका, त्याचा तापमानाशी तसा मेळ बसत नाही.

प्र. १जे५ई (रचनांच्या सार्वजनिक साठ्यातला क्रमांक) ही ३०एसची रचना उघडली. ३०एसच्या प्रथिनांपैकी एस१ नाही, एस२१ही नाही. थर्मसमध्ये ही दोन्ही प्रथिनं नसतात असं लिहू का? सबमिशन परवा आहे.

लिहू नका. आणि परवा सबमिशन असताना आज फाइल उघडता?

दर वर्षी माझं डोकं फिरवणारा घोळ हाच. रायबोसोमच्या रचनेचे अभ्यासक वेंकी रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली ही रचना दिली. एस१ मोठं, लवचिक आणि सैल बसणारं. ते असलं की चांगले स्फटिक मिळत नाहीत, म्हणून स्फटिक करण्याआधीच ते काढून टाकलं होतं. जीवाणूत ते आहेच. एस२१ची गोष्ट निराळी, ते थर्मसमध्ये खरोखरच नाही. फाइलमध्ये दोन्ही जागा सारख्याच रिकाम्या, कारणं मात्र वेगळी. नुसती चित्रं फिरवून हे कळणार नाही, मूळ शोधनिबंधातला पद्धतींचा भाग वाचावा लागतो.

आता उलट बाजू. याच फाइलमध्ये ई. कोलायच्या यादीत नसलेलं एक प्रथिन आहे, टीएचएक्स. जेमतेम २६ अमिनो आम्लांचं. ३०एसच्या डोक्यात वरच्या अंगाला आरएनएच्या घड्यांमध्ये एक पोकळी आहे, तिथे ते पाचरीसारखं बसलंय. त्यावरचा धनभार भोवतालच्या आरएनएचा ऋणभार सांभाळतो. एस२ ते एस२० ही १९ आणि हे एक, अशी २० प्रथिनं रचनेत दिसतात. ई. कोलायचा तक्ता जसाच्या तसा उतरवणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं. मसुदा आजच गाइडना दाखवा.

प्र. थर्मसपासून माणसाला रोग होत नाही, मग प्रतिजैविकं त्याच्या रायबोसोमवर का तपासतात?

रायबोसोमचा गाभा सगळ्या जीवाणूंमध्ये जवळपास सारखा असतो, आणि थर्मसचे स्फटिक चांगले मिळतात. स्ट्रेप्टोमायसिन कुठे चिकटतं हे त्यातच दिसलं. यावरून घरच्या औषधाचा डोस मात्र ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

प्र. ‘गरम झऱ्यातले उष्णजीव’ असलेलं महागडं कंपोस्ट कल्चर घेऊ का?

पैसे जपून ठेवा. ढीग नीट रचला तर तो आपोआप तापतो आणि उष्णताप्रेमी जीवाणू त्यात आधीच असतात. तरीही घ्यायचंच असेल, तर आधी कृषी महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांकडून पाकीट तपासून घ्या.

प्र. दोन महिने रायबोसोम काढतोय. ग्रेडियंटवर (साखरेच्या द्रावणात वेगाने फिरवून भाग वेगळे करतात तो) ७०एस येतच नाही, ३०एस आणि ५०एस वेगळे पडतात.

बफरमध्ये मॅग्नेशियम किती आहे? ते कमी पडलं की दोन भाग सुटे होतात. ते धरून ठेवणारं ईडीटीए राहिलंय का? दोन महिने थांबायचं काय कारण होतं? बफरची कृती घेऊन उद्याच गाइडकडे जा.