म्युनिकमधले बाळ आणि नावाचा कायदा

धरमपेठेतील एका आजींनी विचारले आहे की, लेक-जावई म्युनिकला आहेत, बाळंतपण तोंडावर आले आहे आणि 'तिथले सरकार नाव नाकारते' असे कुणी सांगितल्यापासून घराला घोर लागला आहे, तर काय करावे?

घोर नको, पण गाफीलही राहू नये. जर्मनीत नाव ठेवण्याचा हक्क आईवडिलांचाच आहे. मात्र ज्या नावाने मुलाची हेटाळणी किंवा अहित होईल, ते नोंदणी अधिकारी नाकारू शकतो. आपल्याला जवळचे उदाहरण 'किरण'चे आहे. भारतीय वंशाच्या वडिलांच्या मुलीसाठी हे नाव दिले गेले, तेव्हा त्यावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, सबब स्त्रीलिंगी दुसरे नाव जोडा, असा आग्रह कार्यालयाने धरला. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. तेव्हा किरण, सुमन अशा नावांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

खरी अडचण मला मधल्या नावाची वाटते. आपल्याकडे बाळाच्या नावापुढे वडिलांचे नाव ओघानेच येते. जर्मन कागदावर ते बाळाचेच दुसरे नाव धरले जाण्याचा संभव असतो, आणि मुलीला पुरुषाचे नाव लावण्यावर आक्षेप येऊ शकतो. ते हवे की नको, हे जावयांनी बाळंतपणाआधीच ठरवावे आणि नोंदणी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे.

जन्माची खबर आठवड्याच्या आत द्यावी लागते, नाव कळवायला मात्र महिनाभर मिळतो. म्हणजे बाराव्या दिवशीचे बारसे सहज बसते. जन्माक्षर पाहायचे असेल तर जन्मवेळ कळताच नागपुरातल्या गुरुजींना विचारावे. आठ-पंधरा दिवस त्यात घालवू नयेत.

देशोदेशीचे नियम निराळे आहेत. न्यूझीलंडमध्ये पदवी किंवा हुद्दा वाटणारे नाव अडते, तर आइसलँडमध्ये मान्य नोंदवहीबाहेरचे नाव समितीपुढे जाते. त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकांचा अनुभव म्युनिकला लावू नये.

स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. 'ज्ञानदा'चा 'ज्ञ' रोमन लिपीत कुणी एका तऱ्हेने लिहितो, कुणी दुसऱ्या. जन्मदाखल्यावर जे उमटेल, तेच भारतीय पासपोर्टच्या अर्जात द्यावे लागेल. भारतीय वकिलातीत जन्मनोंद करायची असल्यास तीही वर्षाच्या आत उरकावी.