चौतीस हजार जातात कुठं?

घरकर्जाचा हप्ता हा काय समुपदेशकाकडे न्यायचा विषय झाला? पण नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या खोलीत नवरा-बायकोची जी भांडणं येतात, त्यातली बरीच सासू, माहेर, मोबाइल अशी फिरून शेवटी हप्त्याशी येऊन थांबतात. ‘चार वर्षं झाली भरून राहिलो मॅडम, कर्ज तसंच्या तसं.’ ‘बँकवाल्यांनी फसवलं जी.’ ‘हे पैसे कुठं देतात, मला काही सांगतच नाहीत.’ इतक्या वेळा ऐकलंय की एका जोडप्याच्या निमित्तानं एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून व्याजदर सरसकट साडेआठ टक्के धरलाय.

तो बुटीबोरीच्या एका कंपनीत सुपरवायझर, ती खासगी शाळेत शिक्षिका. मनीषनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट. कर्ज ३० लाखांचं, मुदत २० वर्षं. पहिल्यांदा ती एकटीच आली.

“हे म्हणतात, घराचे चौतीस हजार जातात. मी बँकेचा मेसेज पाहिला न मॅडम. सव्वीस हजार पस्तीस. वरचे आठ हजार कुठं जाऊन राहिले?”

“विचारलंत त्यांना?”

“विचारलं. म्हणे मेंटेनन्स, घरटॅक्स. माझा भाऊ टेक्सासला आहे. त्यानं घर घेतलं, तर टॅक्स, इन्शुरन्स सगळं त्याच्या हप्त्याच्या आतच असतं. मग हे वेगळं काय भरतात?”

उत्तर तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पैसे नणंदेकडे जातात. एकदा ते ठरल्यावर नणंदेचा प्रत्येक फोन, प्रत्येक नवी साडी पुराव्यात जमा होत गेली.

भाऊ खोटं सांगत नव्हता. अमेरिकेत कर्ज देणारी संस्था बहुतेकदा मुद्दल आणि व्याजाबरोबर घराच्या कराचा आणि घराच्या विम्याचा बारावा हिस्सा दरमहा गोळा करते, वेगळ्या खात्यात ठेवते आणि वेळ आली की ती रक्कम स्वतःच भरते. घर घेताना हातचे पैसे वीस टक्क्यांपेक्षा कमी घातले असतील, तर कर्ज बुडण्याच्या जोखमीचा आणखी एक विमाही त्यात येतो. आपल्याकडे तसं नाही. इथं बँकेच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याज, एवढंच. महापालिकेचा मालमत्ता कर आपण भरायचा, सोसायटीचा मेंटेनन्स आपण द्यायचा. हे मी तिला तिथल्या तिथं सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. नवऱ्याची बाजू मॅडमनी घेतली, एवढंच तिच्या हाती लागलं असतं.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. माणसाला घटना जेवढी छळते, त्याहून जास्त त्या घटनेचा त्यानं लावलेला अर्थ छळतो, असं मी मानते. आमच्या क्षेत्रातले काही जण म्हणतात, आधी भावना मोकळ्या होऊ द्या, हिशेब नंतर. मला वाटतं, पैशाच्या भांडणात आधी कागद उघडावा. माझ्या टेबलावर टिश्यूच्या डब्याशेजारी कॅल्क्युलेटर असतो. त्यावरून हसणाऱ्यांनी पुढे माझ्याकडेच जोडपी पाठवलीत, हेही सांगून ठेवते.

पुढच्या वेळी दोघं आले. कर्ज मंजुरीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि हप्त्यांचा तक्ता, एवढं आणायला सांगितलं होतं. तक्त्याचं पाकीट चार वर्षांत उघडलंच नव्हतं. तक्त्याची पहिली ओळ मी तिला मोठ्यानं वाचायला लावली. हप्ता २६,०३५. व्याज २१,२५०. मुद्दल ४,७८५.

“म्हणजे सव्वीसातले एकवीस व्याजातच?”

“पहिल्या महिन्यात तुमच्याकडे बँकेचे पूर्ण ३० लाख होते. त्यावर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज तेवढंच होतं. आता अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर या.”

चार वर्षांत साडेबारा लाख भरले होते आणि मुद्दल फिटलं होतं जेमतेम पावणेतीन लाख. तो मान खाली घालून बसला. “हेच मला सांगता येत नव्हतं,” तो म्हणाला. “मलाच वाटायचं, आपण गाढव ठरलो.”

यात बँकेची लबाडी नाही आणि त्याचा गाढवपणाही नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, त्यामुळे सुरुवातीला हप्ता व्याजच खातो. या तक्त्यात मुद्दलाचा आकडा व्याजाच्या पुढे जातो तो थेट बाराव्या वर्षी. ती ओळ मी पेन्सिलीनं अधोरेखित करून दिली.

मग चौतीस हजारांची फोड केली. बँकेचे २६,०३५. मेंटेनन्स २,२००. घरटॅक्सचा महिन्याचा हिस्सा १,१००. एवढं त्यानं भराभर सांगितलं. उरले ४,७००. तिथं तो अडला.

“पर्सनल लोन आहे,” तो म्हणाला. “रजिस्ट्रीच्या वेळचं.”

स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च बँक सहसा घराच्या किमतीत धरत नाही, तो हातचा घालावा लागतो. ऐन वेळी दोन-सव्वादोन लाख कमी पडले. सासरे द्यायला तयार होते. यानं ‘सगळी सोय झाली’ म्हणून ऐट दाखवली आणि गुपचूप पाच वर्षांचं कर्ज काढलं. मग ते लपवायला ‘घराचे चौतीस’ असा एकच आकडा सांगायची सवय लागली.

ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग मला न विचारता त्यालाच विचारलं, “आणि तुम्हाला काही झालं तर? हे सगळं मी कुठून भरू?”

खरा प्रश्न हा होता. नणंद नव्हती, आठ हजार नव्हते. पोराला घेऊन घराबाहेर पडावं लागेल, या धास्तीत ती चार वर्षं होती. ती धास्ती तोंडावर येईना म्हणून संशय आला. संशयावर भांडता येतं, धास्तीवर कसं भांडणार? माणूस अनेकदा सोयीचं भांडण निवडतो, हे मी बरीच वर्षं पाहत आलेय. पण इतक्या स्वच्छपणे समोर उलगडताना क्वचितच पाहिलंय.

उत्तर मंजुरीच्या पत्रातच होतं. ३० लाखांतले ६० हजार हे कर्जाला जोडलेल्या आयुर्विम्याचे होते, एकरकमी भरून कर्जातच मिळवलेले. त्याच्या पश्चात ठरलेल्या तक्त्याप्रमाणे उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार. सही त्याची होती आणि त्याच्याही लक्षात नव्हतं. तिनं ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

मी तिथंच थांबले नाही. या ६० हजारांवरही व्याज चालू आहे. हप्त्यातले महिन्याला ५२० रुपये त्याचेच, म्हणजे वीस वर्षांत सव्वा लाख. असा विमा कर्जासाठी सक्तीचा नसतो. वेगळा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेल्यावरच पैसे देणारा साधा आयुर्विमा, घेता येतो, आणि घेताना कोणी तसं सांगत नाही. दर वाढून कर्जाची मुदत लांबली, तर विम्याची मुदत तिथंच राहिली आहे का, हे कंपनीकडून लेखी मागायला सांगितलं.

मुदत लांबण्याचा मुद्दा माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊकच नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्यामागून बदलत्या दराच्या घरकर्जांचं व्याजही वाढलं. तेव्हा ‘हप्ता वाढला नाही’ म्हणून खूश असलेल्या अनेकांच्या कर्जाची मुदत बँकेनं काही वर्षांनी लांबवली होती. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ३० लाखांचा वीस वर्षांचा हप्ता २३,२५९. सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला, तर महिन्याचं नुसतं व्याज २३,७५०. मग मुद्दलाला काय उरणार? ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्या, आणि दर तिमाहीला मुद्दल-व्याजाचं स्टेटमेंटही द्या. आलेलं पत्र उघडा म्हणजे झालं. तेवढ्यासाठी माझी फी भरायची गरज नाही.

फ्लॅट बांधकामाखाली असेल तर आणखी एक. ताबा मिळेपर्यंत बँक बहुतेकदा दिलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज घेते. ते कितीही महिने भरा, मुद्दल रुपयानंही हलत नाही.

या जोडप्याचं पर्सनल लोन वर्षभरात संपतंय. तेच ४,७०० रुपये पुढे घरकर्जात दरमहा जास्तीचे भरले, तर उरलेली पंधरा वर्षं अकरावर येतात आणि सहा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बदलत्या दराच्या घरकर्जावर आधी फेडल्याचा दंडही लागत नाही. तिला हे लगेच पटलं. त्याचं म्हणणं, ते पैसे पोराच्या नावानं वेगळे ठेवू, अडीअडचणीला हाताशी राहतील. शेवटच्या अर्ध्या तासात दोघं यावरच वाद घालत होते, आकडे मांडून, आणि मी मध्ये पडले नाही. तारीख पुढची दिली होती. तिनंच फोन करून रद्द केली. त्याची शिफ्ट बदलली होती आणि वाद अजून मिटला नव्हता.