सशाची खरूज आणि कुत्र्याचं औषध

प्रश्न : आमच्या दोन सशांपैकी एकाच्या कानात पिवळट-तपकिरी खपल्या साचल्या आहेत. तो सारखा डोकं झटकतो आणि मागच्या पायाने कान खाजवतो. घरात कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध शिल्लक आहे. ते निम्मं टाकलं तर चालेल का? एका मित्राने गुरांचं आयव्हरमेक्टिन सुचवलंय.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी त्या औषधावरचं घटकाचं नाव वाचा. फिप्रोनिल असेल (फ्रंटलाइन या ब्रँडमध्ये तेच असतं), तर निम्मं नाही, थेंबभरही टाकू नका. कुत्र्या-मांजरांना चालणारं हे औषध सशांना बाधतं. ससा सुस्तावतो, खाणं सोडतो, त्याला झटके येतात आणि तो दगावूही शकतो. परमेथ्रिन, अमिट्राझ, गोचिडाचे पट्टे आणि कुत्र्यांना आंघोळीत घालतात ती औषधंही सशापासून लांबच ठेवा. खरूज सशाला हळूहळू पोखरते, चुकीचं औषध मात्र एका रात्रीत घात करू शकतं. म्हणून घाई औषधाची नको, डॉक्टरकडे जाण्याची हवी.

तुम्ही केलेलं वर्णन सोरॉप्टिस नावाच्या कानातल्या माइट्सशी, म्हणजे खरूज आणणाऱ्या बारीक परजीवींशी, जुळतं. कॉर्नफ्लेक्सचा चुरा एकावर एक चिकटवावा तशी ही खपली दिसते. ती नखाने किंवा कापसाच्या काडीने काढायचा मोह आवरा. खाली सोललेली, दुखरी कातडी असते आणि ओढलं की रक्त येतं. औषध लागू पडलं की खपली आठ-दहा दिवसांत आपोआप सुटते. कोमट खोबरेल, कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल सोडायचा सल्ला हमखास मिळेल. ससा ते चाटतो, केस चिकटतात आणि डॉक्टरला कानाचा आतला भाग धड दिसत नाही. फायदा मात्र बेभरवशाचा.

आयव्हरमेक्टिन सशांना खरोखर देतात. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम, कातडीखाली इंजेक्शनने. घोळ होतो तो मोजण्यात. गुरांचं इंजेक्शन 1 टक्क्याचं असतं, म्हणजे 1 मिलीत 10 मिलिग्रॅम. दोन किलोच्या सशाला त्यातलं 0.04 ते 0.08 मिली लागतं, सुईच्या टोकाला लोंबेल इतकंच. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट डोस. त्यातून इतकं थोडं मोजायला घ्याल त्या इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात : 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या. 0.05 मिली म्हणजे 100 वाल्या सिरिंजवर 5 युनिट, पण 40 वाल्यावर त्याच 5 युनिटांत 0.125 मिली येतं, अडीचपट. पाणी घालून पातळ करू म्हणाल, तर हे औषध पाण्यात नीट मिसळत नाही. या कारणांसाठी हे इंजेक्शन घरी देऊ नये असंच आमचं मत आहे. दुसरा पर्याय सेलामेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंब. त्याचीही मात्रा सशाच्या वजनावरून डॉक्टरनेच ठरवायची, कारण पाकिटावरचे वजनगट कुत्र्या-मांजरांचे असतात.

दवाखान्यात नेण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवून नेमकं वजन करा. ‘साधारण दीड-दोन किलो’ या उत्तराने काम होत नाही. फोनवरच विचारा, ‘डॉक्टर ससे बघतात का?’ सगळे बघत नाहीत. भर दुपारी निघू नका. ससा उन्हाच्या काहिलीने लवकर कोलमडतो. आणि त्याला उपाशी नेऊ नका : सशाला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात.

पहिल्या डोसने जिवंत माइट्स मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून आयव्हरमेक्टिन 10 ते 14 दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा देतात. खाज थांबली म्हणून दुसरा डोस टाळणाऱ्यांकडे महिन्याभरात तीच खपली परत दिसते. दुसरा ससा धडधाकट दिसत असला तरी उपचार दोघांनाही करायचे. थेंब लावले असतील तर ते वाळेपर्यंत, म्हणजे काही तास, दोघांना वेगळं ठेवा, नाहीतर एकमेकांची मान चाटतील. हे माइट्स अंगाबाहेरही तीन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे प्रत्येक डोसच्या दिवशी पिंजऱ्यातलं गवत फेका, कापड गरम पाण्यात धुवा आणि लाकडी खोकं शक्यतो बदलाच.

प्रश्न : फिप्रोनिल काल रात्री लावून झालंय. आत्तापर्यंत ससा ठीक आहे. थांबून बघू का?
– वाचक, ऐरोली

उत्तर : थांबू नका. लक्षणं कधी कधी काही दिवसांनी दिसतात. डॉक्टरला फोन करा आणि पाकीट सोबत न्या. तोवर हातमोजे घालून फक्त औषध लागलेली जागा कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने दोनदा धुवा, टॉवेलने कोरडी करा. अख्ख्या सशाला बादलीत बुडवू नका. तो घाबरून लाथा झाडतो आणि त्या झटक्यात पाठीचा कणा मोडू शकतो. शिवाय ओली फर लवकर वाळत नाही, अंग गार पडतं. जोडीदार ससा असेल तर वेगळा करा. खाणं किंवा लेंड्या थांबल्या, थरथर दिसली, तर रात्र असली तरी निघा.

प्रश्न : सशाच्या पाठीवर कोंडा झालाय आणि माझ्या हातावर लाल पुरळ उठलंय. संबंध असेल का?
– वाचक, नेरूळ

उत्तर : असू शकतो. काळ्या कागदावर बारीक फणीने केस झाडा आणि भिंगातून बघा. कोंड्याचे कण सरकताना दिसले तर तो चेलेटिएला, म्हणजे कातडीवर राहणारा माइट. न सरकले म्हणजे नाही, असं मात्र नाही. नाकावर, ओठांवर, पंजांवर जाड खपल्या असतील तर सार्कोप्टिस या दुसऱ्या माइटची खरूज. दोन्ही माणसाला तात्पुरती खाज देतात आणि ससा बरा झाला की ती सहसा ओसरते. तरी त्वचारोगतज्ज्ञाला ‘घरात ससा आहे’ हे आवर्जून सांगा. गोल टक्कल पडलं असेल तर गजकर्णाचीही शंका असते, म्हणून कातडी खरवडून तपासणं बरं. खाजेवर स्टेरॉइडचं मलम सशाला लावू नका.

कोंडा फक्त शेपटीजवळ असेल, तर ससा लठ्ठ तर नाही ना, किंवा त्याचे दात दुखत नाहीत ना, हे बघा. ज्याला अंग चाटून साफ करता येत नाही, त्याच्यावर माइट्स फोफावतात.

प्रश्न : खारघरच्या टेकडीवरून कापून आणलेलं गवत देतो. परवा कानामागे गोचीड सापडला. तेल टाकून काढू का? आणि दर महिन्याला प्रतिबंधक औषध द्यावं का?
– वाचक, खारघर

उत्तर : तेल, रॉकेल, पेटती काडी, काहीही नको. सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून कोणाच्या तरी मांडीवर धरा. टोकदार चिमट्याने गोचीड अगदी कातडीलगत पकडा आणि पिळ न देता सरळ, सावकाश वर ओढा. सशाची कातडी पातळ असते, हिसका दिला तर फाटते. गोचीड बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. जागा पातळ बीटाडीनने पुसा. कान, पापण्या, मानेची घडी, बोटांमधल्या फटी, सगळं तपासा. एक सापडला की बहुधा आणखी असतात. ससा मलूल किंवा हिरड्या फिकट वाटल्या तर डॉक्टरला दाखवा.

टेकडीवर गुरं आणि कुत्री फिरतात, गोचीड तिथूनच येतात. बाजारातलं सुकं गवत परवडत असेल तर तेच घ्या. फ्लॅटमधल्या निरोगी सशाला दरमहा औषधाची गरज नाही, आठवड्यातून एकदा केसांत बोटं फिरवून बघणं पुरे. पावसाळ्यात मात्र शेपटीखालची जागा रोज बघा. तिथे लेंड्या किंवा लघवी चिकटून राहिली की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. तसं दिसलं तर गुरांच्या जखमेवर ओततात तसं टर्पेंटाइन किंवा फिनेल ओतू नका. तासाभरात दवाखाना गाठा.