ओपन सोर्स समुदायातले निवडून आलेले पद मुदतीआधी सोडावे का, आणि कसे?

तुम्ही विचारले आहे की, एका ओपन सोर्स समुदायाने (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे सॉफ्टवेअर मिळून बनवणाऱ्यांनी) मतदान करून तुम्हाला प्रमुख निवडले, मुदतीचे आठ महिने अजून शिल्लक आहेत, काम झेपेनासे झाले आहे, तर आता पद सोडणे हा मत देणाऱ्यांचा विश्वासघात ठरेल का, आणि सोडायचेच तर कसे सोडावे. मी लातूरला राहते. सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणाऱ्या एका लहान समुदायाची समन्वयक म्हणून मी दोनदा निवडून आले आणि दुसऱ्या मुदतीचे अकरा महिने उरलेले असताना पायउतार झाले. आमचे मतदार अवघे अडतीस होते, त्यामुळे माझा अनुभव मोठ्या प्रकल्पांना जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण माझ्या ज्या चुका झाल्या त्या समुदायाच्या आकारावर अवलंबून नव्हत्या.

आधी विश्वासघाताबद्दल. लोकांनी तुम्हाला मत दिले ते काम व्हावे म्हणून. तुमचे नाव त्या जागेवर अमुक तारखेपर्यंत दिसावे म्हणून नव्हे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कारभाराचे जे लिखित नियम आहेत, त्यांत पाच जणांच्या सुकाणू परिषदेतला कोणीही केव्हाही राजीनामा देऊ शकतो, आणि रिकामी झालेली जागा उरलेल्या मुदतीसाठी परिषद मतदानाने भरू शकते, असे सरळ म्हटले आहे. त्याच नियमांत पुढे असेही आहे की एखाद्या सदस्याचा महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ संपर्कच होत नसेल, तर बाकीचे त्याच्या जागी दुसरा नेमू शकतात. ही दोन कलमे मी शेजारी ठेवून वाचली तेव्हा मला माझ्यापुरते उत्तर मिळाले : राजीनाम्याला तिथे कोणी गुन्हा मानलेले नाही, धास्ती घेतली आहे ती पदावर राहून गायब होणाऱ्याची. मी त्या वेळी नेमकी तशी झाले होते.

ते मला कळले ते नांदेडच्या एका विद्यार्थ्यामुळे. एका प्रोग्रॅमच्या मराठी अनुवादात ‘दुसऱ्या’ हा शब्द जागोजागी ‘दुसर्या’ असा, म्हणजे ‘य’वर रफार देऊन उमटत होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे, त्याचा पाय मोडून ‘य’ जोडला की आपला ‘ऱ्य’ मिळतो, आणि साधा ‘र’ घेतला की रफार चढतो. हिंदीवाल्यांना याचे काही वाटत नाही, पण मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या जागा, त्यामुळे हा शुद्धलेखनाचा हट्ट नाही. त्या मुलाने अशी दोनशेच्या वर ठिकाणे एकेक तपासून दुरुस्ती पाठवली होती. मंजुरीचा अधिकार फक्त माझ्याकडे होता. दीड महिन्याने त्याने विचारले, ‘ताई, बघितलंत का?’ मी ‘या आठवड्यात नक्की’ असे कळवले. तीन महिन्यांनी त्याने पुन्हा तेच विचारले. नंतर त्याने विचारणे सोडले, आणि पाचव्या महिन्यात मी ती पुल रिक्वेस्ट (दुरुस्ती मूळ फायलींत जोडून घेण्याची विनंती) उघडली तेव्हा मधल्या काळात मूळ फायली इतक्या बदलल्या होत्या की ती जोडताच येईना. त्या रात्री मी राजीनाम्याचा पहिला मसुदा लिहिला.

त्याआधी मी एक मधला मार्गही तपासला होता, आणि तुम्हीही तो तपासावा. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामातून काही काळ बाजूला होत तो कारभार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे दिला आणि पुढच्याच महिन्यात ते परतले. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी मात्र तहहयात मानले गेलेले आपले अंतिम निर्णयाचे पद कायमचे सोडले. हे दोघेही निवडून आलेले नव्हते, तेव्हा तुलना अर्धीच आहे. पण दमलेल्या माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न त्यांच्याकडून मिळतो. महिनाभर झोप घेऊन तुम्हाला परत यावेसे वाटेल काय? वाटत असेल तर रजा मागा. मला परत येण्याच्या कल्पनेनेच पोटात गोळा येत होता, म्हणून रजा मागणे म्हणजे निर्णय पुढे ढकलणे झाले असते.

मग खरी अडचण पुढे आली : राजीनामा द्यायचा कोणाकडे? गावचा सरपंच राजीनामा देतो तेव्हा कायद्याने तो पंचायत समितीच्या सभापतीकडे जातो, आणि साध्या सदस्याचा सरपंचाकडे. आमच्या नियमावलीत निवडणुकीवर दोन पाने होती आणि राजीनाम्यावर एक ओळही नव्हती. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या ओपन सोर्स प्रकल्पाची घटना या बाबतीत फार शहाणपणाने लिहिलेली आहे. तिथला प्रमुख दरवर्षी निवडला जातो. पद रिकामे असेल तर तांत्रिक समितीचे अध्यक्ष आणि प्रकल्पाचे सचिव, दोघांचे एकमत असल्यास, निर्णय घेऊ शकतात. आणि कोणी उमेदवारच उभा राहिला नाही तर अर्जाची मुदत आठवड्याने वाढते, गरज पडल्यास पुन्हा वाढते. २०१९ मध्ये तसे खरोखरच घडले. पहिल्या मुदतीत एकही अर्ज आला नाही, आठवडा वाढवल्यावर उमेदवार आले, आणि दरम्यान डेबियन होते तिथेच होते. ‘मी गेले तर हे सगळे कोसळेल’ असे वाटत असेल तर हा प्रसंग आठवावा. (आणि तसे वाटण्यात थोडा अहंकारही असतो. माझ्यात तो होता.)

मी शेवटी पत्र अडतीसही मतदारांना एकाच वेळी पाठवले, कारण पद त्यांनी दिले होते. मात्र तीन आठवडे आधी दोन उपसमन्वयकांना फोन करून सांगितले. ज्यांच्या अंगावर दुसऱ्या दिवशीपासून काम पडणार, त्यांना ही बातमी इतरांबरोबर कळणे मला योग्य वाटले नाही. पत्राचा पहिला मसुदा दोन पानांचा होता आणि त्यातले दीड पान तक्रारींचे होते : कोण बैठकीला येत नाही, कोण फक्त भांडायला येतो, शब्दकोशाचे काम कोणी अर्ध्यावर टाकले. तो राजीनामा नव्हता, नाराजीनामा होता. पाठवलेल्या पत्रात चार वाक्ये राहिली : मी अमुक तारखेला पद सोडते आहे; घरची शेती आणि नोकरी सांभाळून हे काम मला नीट करता येत नाही आणि गेल्या पाच महिन्यांत ते नीट झालेले नाही; तोवर कोणते काम मी पुरे करणार आणि कोणते नाही; आणि निवडणूक होईपर्यंत दोघे उपसमन्वयक कारभार पाहतील. दुसऱ्या वाक्यातली कबुली लिहिताना हात अडखळला, पण लोकांनी सर्वांत कमी प्रश्न त्याच वाक्यावर विचारले.

पत्र गेले, लोकांनी आभार मानले, आणि मला वाटले की सुटले. माझे वडील, अण्णा, औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. मी पद सोडल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी कारण विचारले नाही. ‘चार्ज कुणाला दिलास?’ एवढेच विचारले. बदली झाली की त्यांचा अख्खा दिवस चार्ज देण्यात जात असे, हे मी लहानपणी पाहिले आहे. डेडस्टॉक रजिस्टर उघडून बाकडी, टेबले, नकाशे, सतरंज्या मोजल्या जात. तांदळाचा शिल्लक साठा तोलला जाई. जनरल रजिस्टरची पाने दोघे मिळून उलटत. आणि देणारा व घेणारा अशा दोन सह्या झाल्याशिवाय कपाटाच्या किल्ल्या हातातून सुटत नसत. मी अण्णांना म्हटले, आमच्याकडे तसल्या वस्तू नसतात. ते काही बोलले नाहीत.

वस्तू होत्या. दसऱ्यानंतर आमच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. बनीम (पेंढ्यांची गंजी) मोडून हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, पेंढ्या टाकण्याचे काम चालले होते, भुसा उडत होता आणि शेजारचा माणूस काय बोलतो तेही ऐकू येत नव्हते. अशा वेळी नव्या प्रभारी समन्वयकांचा फोन आला. आमच्या अनुवादाच्या सर्व्हरवर त्यांना शिरायचे होते आणि त्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येत होता. मी ओरडून सहा आकडे सांगितले, त्यांना चारच ऐकू गेले; बांधावर पळत जाऊन पुन्हा सांगेपर्यंत त्याची वेळ संपली. दुसरा आला, तोही तसाच गेला. तिसऱ्या खेपेला मी हडंबा बंद करायला लावला आणि आठ मजूर माझ्याकडे बघत उभे राहिले. रात्री जेवताना अण्णांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते. त्यांनी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी चार्ज यादी करायला बसले, जी पत्राआधी करायला हवी होती. डोमेन, म्हणजे आमच्या संकेतस्थळाचा पत्ता, माझ्या नावावर नोंदवलेले आणि नूतनीकरणाचे पैसे माझ्या डेबिट कार्डातून जाणारे. रिपॉझिटरीची, म्हणजे सगळ्या फायली ठेवण्याच्या जागेची, मालकी एकट्या माझ्या खात्याकडे. भाषांतराच्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड माझ्या ब्राउझरमध्ये जतन केलेला, इतर कुठेच नाही. यातले सर्वांत नाजूक प्रकरण रिलीजवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या नव्या आवृत्तीवर, डिजिटल सही करण्याच्या चावीचे होते. ती मी नव्या समन्वयकांना देऊन टाकणार होते; एका अनुभवी सदस्याने वेळीच थांबवले. शाळेच्या कपाटाची किल्ली हातोहात देता येते, पण सहीची खासगी चावी अशी द्यायची नसते, कारण तिची प्रत मागे माझ्याकडे उरली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. नव्या माणसाने नवी चावी तयार करायची, जुन्या चावीने तिच्यावर सही करून ती खरी असल्याचे जाहीर करायचे, आणि मग जुनी रद्द करायची. हे करायला जुनी चावी बाळगणारा माणूस हजर आणि राजी असावा लागतो. भांडून, रात्रीतून निघून गेलेल्या माणसाच्या मागे समुदाय अडकतो तो बहुतेक इथेच.

‘राजी’वरून आठवले. जुन्या मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात जमीन सोडणारा ‘राजीनामा’ लिहून देई आणि ती घेणारा ‘कबुलायत’. कागद दोन असत. मी एकच कागद लिहिला होता. म्हणून नंतर आम्ही यादीच्या प्रत्येक ओळीपुढे घेणाऱ्याने स्वतः लॉग-इन करून पाहिल्याची तारीख लिहिण्याचे ठरवले, आणि ज्या ओळीपुढे तारीख नाही ती दिलेली नाही असे मानले. तुम्ही पत्र लिहिण्याआधी हे करा. तुमच्या नकळत तुमच्या नावावर काय काय जमा झाले आहे ते पाहून तुम्हालाच धक्का बसेल.

उत्तराधिकारी सुचवू नका. गुइडो यांनीही वारस नेमला नाही. कारभार कसा चालवायचा हे ठरवायला त्यांच्या समुदायाने २०१८ चा डिसेंबर उजाडू दिला आणि २०१९ च्या सुरुवातीला पहिली परिषद निवडली. गुइडो स्वतः तिच्यावर निवडून आले, पण पुढच्या निवडणुकीत त्यांनी आपले नाव मागे घेतले. मला चौघांनी खासगीत विचारले की मत कोणाला द्यावे. मी उत्तर दिले नाही, आणि त्यांतल्या एकीला ते शिष्टपणाचे वाटले.

त्यानंतरचे तीन महिने मला राजीनाम्यापेक्षा जड गेले. मेनूतल्या एका नोंदीसाठी मी ‘संयोजना’ हा शब्द दोन वर्षे भांडून रुजवला होता; नव्या समन्वयकांनी पहिल्याच महिन्यात मतदान घेऊन तो काढला आणि ‘सेटिंग’ आणला. रात्री अकरा वाजता मी लांबलचक उत्तर लिहिले, सहा उदाहरणे दिली, आणि पुसून टाकले. माझ्या त्या मताला अजून माजी समन्वयकाचे वजन होते आणि ते वजन मला कोणी मतदानाने दिलेले नव्हते. (‘सेटिंग’ मला आजही आवडत नाही.) त्या काळात मी साधी सदस्य म्हणून फक्त दुरुस्त्या पाठवत राहिले. पहिली दुरुस्ती त्या नांदेडच्या मुलाचीच, नव्या फायलींवर पुन्हा बसवलेली, त्याच्या नावाने श्रेय देऊन. त्याला कळवलेही. त्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले. तो काही परत आला नाही.

तुमच्या आठ महिन्यांबद्दल म्हणाल तर, मोठे रिलीज तोंडावर असेल तर ते होऊ द्या आणि त्यानंतरच्या आठवड्यात पत्र द्या. सोडण्याची तारीख चार ते सहा आठवडे पुढची ठेवा. त्याहून लांब ठेवली तर लोक तुम्हाला गेलेले समजतात आणि काम मात्र तुमच्याकडेच पाठवतात. तुमच्या नियमावलीत राजीनाम्याचे आणि रिकाम्या जागेचे कलम नसेल तर पदावर असतानाच ते मतदानाला टाका. आणि डोमेन तुमच्या नावावर असेल तर त्याचे काम सर्वांत आधी सुरू करा, कारण नोंदणीदाराचे नाव बदलले की साधारणपणे ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. आमच्या डोमेनचे काम मी सर्वांत शेवटी घेतले, त्यामुळे यादीतल्या त्या एका ओळीपुढे अजून तारीख पडलेली नाही, आणि यंदाच्या नूतनीकरणाचे पैसेही माझ्याच कार्डातून गेले आहेत.