मुलीची सोरॉरिटी आणि आईची पाळत

एडिसनहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी न्यू जर्सीतच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जायच्या तयारीत. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी प्लस मिळाला आणि त्याच सेमिस्टरला ती एका देसी सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत, गेली. "तिला यातून बाहेर कसं काढू? मेडिकलचं काय होणार?"

ताई, एका बी प्लसनं मेडिकल हुकत नाही. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), जीपीए (ग्रेडची सरासरी), हॉस्पिटलमधला अनुभव, हे गणित तिला तुमच्याहून जास्त पाठ असेल. मला घोर लागला तो वेगळाच. तुम्ही तिच्या रूममेटला रोज फोन करता, फी थांबवायची धमकी देऊन झालीय. एवढ्या मोठ्या मुलीवर पाळत ठेवली की ती अभ्यास वाढवत नाही, खोटं बोलायला शिकते. आणि "डॉक्टर व्हायचं हे आम्ही सातवीतच ठरवलं", यातलं 'आम्ही' म्हणजे नक्की कोण? ती धरून की सोडून?

आता तुमचा गैरसमज. सोरॉरिटी म्हणजे सिनेमातला बंगला आणि दारूच्या पार्ट्या, असं तुम्ही धरून चाललात. देसी सोरॉरिट्या त्या बंगल्यांतून निघालेल्याच नाहीत. 1965च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या आपल्या लोकांच्या मुली नव्वदच्या दशकात कॉलेजात पोचल्या. जुन्या, बहुतांशी गोऱ्या सोरॉरिट्यांत त्यांना परकंच वाटायचं. मग नोव्हेंबर 1998मध्ये ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा निघाली, डिसेंबरात ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो. जेमतेम महिन्याभरात तीन! पुढे त्यांच्या शाखा देशभर पसरल्या. सिग्मा सिग्मा ऱ्हो स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्ध काम करते; आपल्या किती मंडळांच्या गणपतीत हा विषय निघतो, सांगा.

म्हणून सगळं गोडच आहे असं नाही. वर्गणी बऱ्यापैकी असते, आणि नव्या मुलींचं पहिलं सेमिस्टर त्यातच खर्ची पडू शकतं. बी प्लसचं कारण कदाचित तेच असेल. हेझिंग, म्हणजे आपलं रॅगिंग, इथेही होऊ शकतं. न्यू जर्सीनं 2021मध्ये त्याविरुद्धचा कायदा कडक केलाय. आठवड्याचे किती तास जातात, रात्री जागवतात का, नको म्हटलं तर चालतं का, हे तिलाच विचारा. रूममेटला नाही.

आणि तिला डॉक्टर व्हायचंय का, हेही त्याच फोनवर विचारा. ती "नाही" म्हणाली तर फीचा विषय काढू नका. मला पुढचं पत्र तुम्ही नको, तिलाच लिहू द्या.