मुलगी म्हणते, नसलेले थर शिकायचेत

प्रश्न : कणकवली तालुक्यात आमची चिऱ्याची खाण आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. कॉलेजच्या सहलीत फोंड्याकडे सरांनी सांगितलं की इथे खाली एक खडक, वर दुसरा आणि मधली कोट्यवधी वर्षं गायब. तेव्हापासून तिने भूशास्त्राचा ध्यास घेतलाय. आम्हाला फार्मसी बरी वाटते. जे थर मुळात नाहीतच, ते शिकून तिला नोकरी कोण देणार? – एक पालक

नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण या विषयातलं बरंचसं काम त्या नसलेल्या थरांपाशीच असतं.

फोंडा-कासार्डे भागात ज्या वालुकाश्मातून सिलिका वाळू काढतात, तो कलादगी नावाच्या खडकांच्या गटातला. वय ६० कोटी वर्षांच्याही पलीकडचं. त्या भागात त्याच्यावर सह्याद्रीचा काळा कातळ येतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मधल्या किमान ५० कोटी वर्षांचा तिथे मागमूस नाही. त्या काळात काही घडलं नाही असं नव्हे. चंद्रपूरकडचा कोळसा तेव्हाच तयार झाला, डायनोसॉर तेव्हाच आले. तुमच्याकडे मात्र एकतर गाळ साचलाच नाही, किंवा साचलेला पुन्हा धुपून गेला. यातलं काय झालं असावं, हे दोन खडकांच्या सांध्यावर शोधायचं. वरच्या थराच्या बुडाशी खालच्या खडकाचे गोटे आहेत का? खालचे थर कललेले आणि वरचे आडवे आहेत का? जुना पृष्ठभाग उन्हापावसाने कुजलेला दिसतो का? या सांध्याला अनकन्फॉर्मिटी म्हणतात. कॉलेजात मुलीच्या कानावर हाच शब्द पडेल. १७८८ साली जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, सिकार पॉइंटला, जवळजवळ उभ्या थरांवर हलक्या उताराचे थर बसलेले दाखवले आणि पृथ्वीचं वय लोक समजतात त्याहून अफाट आहे, या त्यांच्या म्हणण्याला डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा मिळाला. तुमची मुलगी फोंड्याला जे ऐकून थबकली, ते याच जातीचं आहे. मला तिचं फार कौतुक वाटतं.

आता पोटाचं. असा जुना, झिजलेला पृष्ठभाग बहुधा कच्चा असतो, त्यात पाणी मुरतं. बोगदा त्यातून जाणार असेल तर ते आधी कळलेलं बरं. कोकण रेल्वे बांधताना कठीण कातळापेक्षा मऊ, पाणथळ मातीतल्या बोगद्यांनी माणसांना जास्त जेरीस आणलं. धरणाचा पाया घेतानाही हीच काळजी. तेलाचंही तसंच आहे : झिजलेल्या थरांवर नव्या, पाणी न झिरपणाऱ्या थराचं झाकण बसलं की खाली तेल अडकतं. अलास्कातला प्रुडो बेचा प्रचंड साठा, १९६८ साली सापडलेला, असाच अडकलेला होता. कुठे किती थर नाहीत, हे ज्याला सांगता येतं त्याला कंपन्या पगार देतात.

आणि पाणी. कोकणात एवढा पाऊस पडूनही मार्चनंतर सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावरच्या विहिरी तळ गाठतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. जांभा, म्हणजे तुमच्या चिऱ्याचाच दगड, पाणी पिऊन घेतो, खालची चिकणमाती ते अडवते आणि पाणी सड्याच्या कडेने झऱ्यातून निघून जातं. जांभा आणि ती माती यांच्यातला सांधा काटेकोर अर्थाने अनकन्फॉर्मिटी नव्हे, कारण जांभा खालच्याच खडकाची झीज होऊन बनलेला असतो. पण सांधा वाचायची नजर तीच लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम करते.

एक गोष्ट लपवणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर फार काही मिळत नाही आणि जागाही फार्मसीइतक्या नसतात. एम.एस्सी.पर्यंत, म्हणजे पाच वर्षं शिकायची तयारी हवी. बी.एस्सी.साठी पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स पाहा. पुढे आयआयटीच्या जॅम परीक्षेत भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो, त्यातून आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.एस्सी.ची वाट आहे. पुणे विद्यापीठातही भूशास्त्र विभाग आहे. एम.एस्सी.नंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठीची वेगळी परीक्षा. तिच्यातून १८५१ पासून चालू असलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते. ओएनजीसीही भूवैज्ञानिक घेते. बारावीचं गणित, भौतिक, रसायन तिने आत्ता ढिलं सोडू नये, पुढे तिन्ही लागतात.

फील्डवर्कला घरातल्यांची ना नको. उन्हात, डोंगरात, आठ-आठ दिवस बाहेर राहावं लागतं आणि मुलीही हे काम करतात. सवय तिला तुमच्या खाणीतच लावता येईल, तुमचं घर दगडावरच तर चाललंय. येत्या रविवारी तिला टेप आणि वही घेऊन सोबत न्या. चिरा कुठे संपतो, माती कितव्या फुटाला लागते, ओल कुठे धरते, हे खाणीच्या चारही भिंतींवर मोजून तिला चित्र काढू द्या. पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. दोन्ही चित्रं झाली की मला पाठवा. फार्मसी की भूशास्त्र, यावर आपण तेव्हा पुन्हा बोलू.