जुन्या वस्तू आणून, हातानं दुरुस्त करून घर लावता येतं का?

तुम्ही विचारलंय की भाड्याचं दोन खोल्यांचं घर आहे, पैसा बेताचा आहे, घरमालक भिंतीला फारशी भोकं पाडू देत नाहीत. अशात जुनं सामान आणून स्वतः दुरुस्त करून घर नीट लागेल, की नुसता पसारा वाढेल? शिवाय घरातली एक गंजकी लोखंडी ट्रंक ठेवावी की काढावी, हेही विचारलंय.

घर लागतं, आणि फार छान लागतं. माझ्याकडचं बहुतेक लाकडी सामान असंच जुनं आणून दुरुस्त केलेलं आहे. मात्र पसारा होणार की घर, हे वस्तू दारातून आत येण्याआधीच ठरतं. म्हणून रंगरंगोटीपेक्षा वस्तू निवडण्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी काही दिवस घराकडे नुसतं बघा. कुठल्या गोष्टी जागा नाही म्हणून रोज इकडेतिकडे पडतात? किल्ल्या, चार्जर, चपला, वाळलेले पण घडी न घातलेले कपडे, बिलं. त्यातल्या प्रत्येकीला एक ठरलेली जागा हवी आहे आणि तेवढ्यासाठीच जुनी वस्तू शोधायची. ‘कुठेतरी उपयोगी पडेल’ म्हणून उचललेलं सामान कुठेच उपयोगी पडत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन. भिंतींची मापं, दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणाचं माप फोनमध्ये लिहून ठेवा, मोजपट्टी पिशवीत असू द्या.

जुनं फर्निचर बघताना डाग, ओरखडे, उडालेलं पॉलिश यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते सगळं सुधारता येतं. सांगाडा बघा. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत खाचा पाडून अडकवली असेल, म्हणजे सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात तो सांधा असेल, तर वस्तू मन लावून केलेली आहे. नुसते खिळे किंवा स्टेपल ठोकलेले असतील तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. खणाचा तळ फुटला असेल तर काळजी नाही, पातळ प्लायचा तुकडा कापून नवा तळ सरकवता येतो. मग टेबल किंवा खुर्ची दोन्ही हातांनी धरून कर्णरेषेत हलवा. सांधे हलत असतील तरी घाबरू नका, फक्त किंमत करताना ते लक्षात ठेवा. सैल सांधा दुरुस्त करताना लोक वरून डिंक ओततात आणि महिन्याभरात तो पुन्हा सुटतो, कारण लाकडाचा पांढरा डिंक जुन्या वाळलेल्या डिंकावर धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. सांधा पूर्ण उघडा, जुना डिंक पटाशीनं आणि पॉलिशपेपरनं काढा, नवा लावा आणि क्लॅम्प नसेल तर दोरी गुंडाळून, तिच्यात काठी घालून पीळ देऊन रात्रभर आवळून ठेवा. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला जुना सरस असेल तर तो कोमट पाण्यानं मऊ होतो, काम आणखी सोपं.

पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी, मात्र एकदा पाण्यानं फुगला की फुगला. तो फुकट मिळाला तरी नको.

लाकडात टाचणीएवढी भोकं दिसली तर वस्तू काळ्या कागदावर ठेवून ठोका. पिठासारखी ताजी, फिकट भुकटी पडली तर कीड अजून आत असण्याची शक्यता आहे. भोकांच्या कडा काळपट आणि कोरड्या असतील तर बहुधा ती जुनी गोष्ट आहे. शंका असली तर वस्तू काही आठवडे घराबाहेर, झाकलेल्या जागी कागदावर ठेवा आणि भुकटी पुन्हा पडते का बघा. गादी बसवलेल्या सोफ्या-खुर्च्यांच्या शिवणी बोटानं उलगडून ढेकणांचे काळे ठिपके शोधा. ठिपके दिसले तर तिथूनच परत फिरा. जुनी कापडं ६० अंशांच्या पाण्यात धुवा. धुण्यासारखी नसतील तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा.

आता पॉलिशबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुनं टेबल आणलं की पहिला हात पॉलिशपेपरकडे जातो. थांबा. खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्यानं थोडं पॉलिशचं स्पिरिट लावा. मिनिटाभरात पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. काहीही न खरवडता, नुसतं पुसून, मळ काढून, स्पिरिटमध्ये कालवलेल्या लाखेचे दोन-तीन पातळ हात कापडाच्या बोळ्यानं दिले की ओरखडे आणि धुरकटपणा बराचसा जातो, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं लाकडाला आलेला खोल रंग तसाच राहतो. तो रंग नव्यानं आणता येत नाही. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं विरघळलं तर ते लॅकर. दोन्हींनी फरक पडला नाही तर वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन. त्यावर हलका २२० नंबरचा पेपर मारून नवा हात द्यावा.

सगळं लाकूड रंगवूच नका असं माझं म्हणणं नाही. तीन वेगवेगळ्या लाकडांची ठिगळं असलेल्या साध्या कपाटाला रंग शोभतोच. फक्त भरीव, चांगल्या रेषांच्या लाकडाला रंग लावण्याआधी एकदा ते स्वच्छ करून बघा, एवढी विनंती. आणि जुना रंग काढायचा असेल तर त्यात शिसं असू शकतं हे धरूनच चाला. तो कोरडा घासू नका, हीटगननं जाळू नका. चाचणी करून घ्या, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते काम घरात करूच नका.

तुमची ट्रंक ठेवा. पत्र्याला आरपार भोकं पडली नसतील तर ती पाय लावून बसायच्या खोलीतलं टेबल होईल आणि जादा अंथरूण-पांघरूण तिच्यात मावेल. सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढा, उरलेल्या गंजावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं काही तास ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून लगेच कडक वाळवा. ओल राहिली तर गंज परत येतो. आतून गंजरोधक प्रायमर द्या. झाकण आपटू नये म्हणून साखळी किंवा आधाराची दांडी बसवा, आणि कुलूप आपोआप लागणारं असेल तर ते काढून टाका. मुलं लपायला ट्रंकेत शिरतात.

भिंतीला भोकं नकोत म्हणजे फळ्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या हव्यात. जुन्या फळ्यांचा पुस्तकांसाठी रॅक करायचा असेल तर हिशेब समजून घ्या: एक मीटर पुस्तकं सहज ३० किलो भरतात. फळी सारखी भरलेली असेल तर लांबी दुप्पट केल्यावर तिचं मधोमध वाकणं सोळापट होतं, आणि जाडी दुप्पट केल्यावर ते आठ पटींनी कमी होतं. त्यामुळे १८ मिलिमीटर प्लायच्या फळीला दर ७५ सेंटिमीटरला आधार द्या, नाहीतर पुढच्या कडेला चार-पाच सेंटिमीटरची उभी पट्टी डिंक आणि स्क्रूनं बसवा. पट्टीनं फळी ताठ होते आणि जाडजूडही दिसते. उंच कपाट मात्र भिंतीला जखडायलाच हवं. तेवढ्या दोन स्क्रूंची परवानगी घरमालकांकडे मागा, आणि ती मिळाली नाही तर कंबरेएवढंच सामान घ्या.

पितळेच्या वस्तूला आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. जोरात घासलं की तो निघून जातो. जुन्या दिव्याची वायर कितीही धड दिसली तरी वायर, होल्डर आणि प्लग तिन्ही बदला, आणि बाहेरचं अंग धातूचं असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची तार जोडून घ्या. हे येत नसेल तर वायरमनला बोलवा. त्यात २७०० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब लावला की संध्याकाळी खोली एकदम वेगळी वाटते. इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. जुनी चिनी मातीची भांडी पेनं आणि किल्ल्या ठेवायला वापरा, खायला नको, कारण त्यांच्या चकाकीतही शिसं असू शकतं.

चित्रांच्या चौकटी वेगवेगळ्या आकारांच्या असल्या तरी आतला कागदी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची कागदाची किनार, एकाच रंगाचा ठेवा, मग त्या एकत्र जमतात. सगळ्या समूहाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. भोकं पाडायची नसतील तर त्या कपाटावर किंवा ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवा, मला त्या तशा जास्त आवडतात.

हत्यारांचा मोठा संच घेऊ नका. चांगला स्क्रूड्रायव्हर, पटाशी, हातोडी, दोन क्लॅम्प, १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर आणि धुळीसाठी मास्क एवढ्यात वरचं जवळपास सगळं होतं. ड्रिल कुणाकडून मागून आणता येतं. पहिली वस्तू म्हणून खणांचं छोटं कपाट घ्या, कारण त्यात सांधा, तळ, कडी आणि पॉलिश या चारही गोष्टी हाताखालून जातात. खण अडखळत असेल तर रंधा मारण्याआधी खालच्या कडांवर आणि तो ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांवर मेणबत्ती घासून बघा. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, तेव्हा रंधा मारला तर कोरड्या हवेत तोच खण खिळखिळा होतो.